चहा सांडला नाही

बी, सी, डी, ई, जी. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ही पाच अक्षरं एकच आहेत.

शेळी नव्हती. मग शेळी होती.

"आता दिसतं?" डॉक्टरने पेन बाजूला, हवेत धरलं होतं. "नाही." "आता?" "नाही." "आता?" पेन जवळजवळ नाकासमोर आलं होतं. "हो," तो म्हणाला, आणि पेन निळं आहे हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

इतिहासाचं कपाट, खालून दुसरा कप्पा, डाव्या कडेपासून हातभर अंतरावर: ज्याच्या पाठीची शिवण उसवली आहे ते पहिलं, त्याच्या शेजारी दुसरं.

डाव्या कानातली टकटक वाढली की उजवीकडे वळायचं. दोन्ही कानांत सारखी झाली की समजायचं, रस्ता सरळ आहे.

"मले आता हात मोकळे पाहिजेत." हे प्रतिक्षा बाजारात म्हणाली होती, हसत. तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

दुपट्ट्याला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास होता, आणि त्याखाली किंचित लसणाचा.

दुपट्टा डोळ्यांवर बांधला गेला तेव्हा खरं तर काहीतरी व्हायला हवं होतं. तेजराम वाट पाहत बसला. मागे गाठ मारली गेली, गाठीत दोन केस अडकले, ते त्याने सोडवून घेतले, आणि तरीही तो वाट पाहत होता. अंधार झाला होता, नाही असं नाही. पण तो बाहेरून आत आला नव्हता. कडेकडेने तो आधीच आत होता, भिंतीत चढलेल्या ओलीसारखा. मध्ये बशीएवढा वाटोळा उजेड उरला होता, तेवढा फक्त विझला. इतकंच? त्याला वाटलं होतं की पट्टी बांधल्यावर पट्टी न बांधलेलं आयुष्य किती मोठं होतं ते तरी कळेल. दाराच्या चौकटीतून बाहेर आल्यावर अंगण मोठं वाटतं, तसं उलट. तसं काही झालं नाही. बशी गेली. बशी जाण्याने माणसाचं किती जातं याचा हिशेब करण्याआधीच समोरून बाईंचा आवाज आला, "एकोडी चार," आणि त्याच्या हाताने आपोआप पटावरचं ते घर शोधलं, समोरच्या बाजूचं प्यादं तिथे खोचलं, आणि त्याच्याच तोंडाने ती चाल नियमाप्रमाणे पुन्हा म्हटली. एकोडी चार. मग स्वतःची चाल. एकोडी पाच.

भंडाऱ्यातल्या बुद्धविहाराच्या सभागृहात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आंधळी माणसं बुद्धिबळ खेळायला जमतात. तेजराम दर महिन्याला येतो, पण खेळायला नाही. बायकोचा, प्रतिक्षाचा, धाकटा भाऊ अंकुश जन्मापासून आंधळा. त्याला साकोलीहून बसने आणायचं, दिवसभर मागच्या सतरंजीवर पेपर घेऊन बसायचं, संध्याकाळी परत न्यायचं. पेपर हल्ली तो नुसता धरतो. मथळे बशीत मावतात, मजकुराला बशी ओळीवरून ओढत न्यावी लागते आणि ओळ संपली की पुढची सापडत नाही. आज एक खेळणारा आला नव्हता. ही मंडळी जमवणारा भोजराज, स्वतः आंधळा, हार्मोनियम शिकवणारा, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस, टाळ्या वाजवत म्हणाला होता, "तुमसरवाले मास्तर नाई येत. पाय मुरगळला म्हणते. एक जागा खाली हाय. तेजरामभाऊ, बसा तुमी."

"मी?" तेजराम म्हणाला होता. "मले तर दिसते." हे जरा लवकरच म्हटलं गेलं.

"तेच तर दुखणं हाय तुमचं," भोजराज म्हणाला. सभागृह हसलं. "त्यावर इलाज हाय आपल्यापाशी. चंद्रकांताबाई, तुमचा दुपट्टा द्या जी यायले."

चंद्रकांताबाई लाखनीच्या. पन्नाशीच्या पुढच्या. बसमध्ये उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा त्यांनी सोडून पुढे केला आणि म्हणाल्या, "पाहा जी, घामाचा असन. घाण वाटली तर नाक बंद करा. डोळे तर बंदच होऊन राहिले."

घोडा फुलमोगरा तीन. घोडा चिचाळ सहा. बाहेरच्या जगात, मोठ्या स्पर्धांत, पटाच्या आठ उभ्या रांगांना आठ परदेशी नावं आहेत, कारण नुसती अक्षरं म्हटली तर ऐकण्यात घोटाळा होतो. भोजराजने ती नावं पाठ करायला सपशेल नकार दिला होता. आमच्या तोंडात कायले ते गोरे लोक, असं म्हणून त्याने जिल्ह्यातली गावं वाटून टाकली. आसगाव, बेला, चिचाळ, देव्हाडी, एकोडी, फुलमोगरा, गोबरवाही, हरदोली. गावं नकाशावर आहेत तशी पटावर नाहीत; पटावर आसगावच्या शेजारी बेला आहे आणि फुलमोगऱ्याला लागून गोबरवाही. पण इथे येणाऱ्यांपैकी कुणी नकाशा पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांचा जिल्हा असाच आहे, चौकोनी, आठ बाय आठ, काळी घरं किंचित उंच, पांढरी खाली, प्रत्येक घराच्या मध्ये एक भोक आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला भोकात बसणारी खुंटी. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर एक बारीक टोक असतं. तेजरामकडे काळी होती. दोघांचा पट वेगळा, मध्ये हातभर अंतर; दुसऱ्याची चाल कानाने घ्यायची आणि आपल्या पटावर हाताने करायची. हात लावण्याला बंदी नाही. सगळ्या पटावरून बोटं फिरवा, दहा वेळा फिरवा, कुणी काही म्हणत नाही. पण मोहरा भोकातून उपसला की तो चालावाच लागतो.

उंट बेला पाच, बाई म्हणाल्या. आसगाव सहा, तो म्हणाला, आणि बोट प्याद्यावर ठेवूनच बसला, कारण आसगाव म्हटलं की सोमाजीमामा. आईचा भाऊ. आसगावला धानाच्या बांधीत दिवसभर वाकून काम करणारा, आणि ऊन कललं, सावल्या लांबल्या, की हातातलं टाकून धुऱ्याच्या बांधावर बसणारा माणूस. कुणीतरी येऊन हात धरून नेईपर्यंत तो तिथेच बसे. लोक त्याला आळशी म्हणत, काही लोक रातांधळा म्हणत, आणि दोन्ही शब्द एकाच सुरात म्हणत. सुट्टीत तेजराम तिथे जाई तेव्हा संध्याकाळी पोरं मामाला आंधळ्या कोशिंबिरीत घ्यायची. पट्टी बांधायची काय गरज, असं एक जण म्हणाला. मामाने ऐकलं नाही. "बांधा बे. खेळ खेळासारखा झाला पाहिजे." त्याने स्वतः डोक्याचा शेला काढून दिला, घट्ट बांधून घेतला, आणि मग अंगणभर असा धावला, असा धावला, की तेजरामने त्याला दिवसाउजेडीसुद्धा कधी तसं धावताना पाहिलं नव्हतं. आपटायचा, हसायचा, उठायचा. एकेकाला श्वासावरून धरायचा. तेव्हा ते नुसतं गमतीचं होतं. पट्टी का हवी होती हे तेजरामला आता, या क्षणी, लसणाच्या वासाखाली कळलं. पट्टी असली की आपटणं खेळात मोजलं जातं. पट्टी असली की कुणाला किती दिसतं हा प्रश्न मिटतो.

मामाचं दुखणं नागपूरच्या डॉक्टरने वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. आईकडून येतं. पुरुषांत दिसतं. आधी रात्र जाते, मग कडा, मग नळीतून पाहिल्यासारखं, मग नळी बारीक होते. किती बारीक आणि कधी, ते सांगता येत नाही. "घरून कोणी आलंय सोबत?" डॉक्टरने विचारलं होतं. तेजराम कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला; तिथली पुस्तकं आणतो म्हणून तो निघाला होता, एकटा. "आलेत, बाहेर आहेत," तो म्हणाला. "गाडी चालवता?" "नाही." दोन प्रश्न, दोन खोट्या गोष्टी. त्याला तेव्हा वाईट वाटलं नाही. परत येताना खरंच पुस्तकं घेतली, जड पिशवी झाली, ती दोन्ही हातांनी धरून तो बसमध्ये बसला आणि भंडाऱ्याआधीचं शहापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. खिडकीत सगळं दिसत होतं. खिडकीपुरतं सगळंच दिसतं, असं त्याला वाटलं.

"तुमची चाल हाय," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "माझा उंट आसगाव चारवर येऊन बसला. झोपले का जी?"

"घोडा फुलमोगरा सहा."

"हां. असं बोलत राहा. नाही तर मले वाटते समोरची खुर्ची रिकामी हाय."

ती शेळी परवाची. रोज सकाळी तो मोनाला मोटरसायकलवर शाळेत सोडतो. मोना दहा वर्षांची, मागे बसते, दप्तर दोघांच्या मध्ये. हायवेच्या कडेच्या रस्त्याला लागल्यावर उजव्या बाजूला जिथे काही नव्हतं तिथून एक शेळी निघाली. निघाली असंही नाही, ती एकदम समोरच होती, अर्धी. ब्रेक, दप्तर पाठीत, मोनाचं नाक दप्तरावर. शेळी गेली. मोना नाक चोळत म्हणाली, "बाबा, ते कवापासून येऊन राहिली होती. मी पाहून राहिली होती तिले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं तुमाले दिसून राहिली." मग थोड्या वेळाने, "आईले सांगू?"

"काय सांगशील? शेळी मेली का?"

"नाई."

"मग?"

मोनाने यावर विचार केला आणि शाळेच्या फाटकाशी उतरताना म्हणाली, "मामा चांगली चालवते गाडी." ती फोनवरच्या खेळाबद्दल बोलत होती. अंकुशच्या फोनमध्ये गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आहे, त्यात पाहायला काही नसतं, पडदा काळाच. कानात इंजिन असतं, रस्त्याची कड टकटक करते, मागून येणारी गाडी मागून येते. मोना डोळे मिटून खेळते आणि ठोकते. तेजरामने एकदा ग्रंथालयात, दुपारच्या सामसुमीत, ते कानात घालून पाहिलं. तो तीन वळणं न ठोकता निघून गेला. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने लगेच फोन बंद केला.

देव्हाडी चार, बाईंनी म्हटलं, आणि त्याने पुन्हा म्हटलं. देव्हाडी हे प्रतिक्षाचं माहेर. स्टेशनाजवळचं घर. लहानपणी तिच्याकडे एकच काम होतं, अंकुशचा हात. शाळेत हात, संडासाला हात, लग्नाच्या पंगतीत हात. संध्याकाळी त्याला फलाटावर नेऊन बसवायचं, कारण गाड्या ऐकल्या की तो रडत नसे. मैत्रिणी लंगडी खेळत तेव्हा ती एका हाताने भावाला धरून नुसतं मोजत असे. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला साकोलीच्या बाजारात तेजरामने गर्दीत तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला आणि ते वाक्य म्हटलं. मले आता हात मोकळे पाहिजेत. मग लगेच, त्याचं तोंड पाहून, "तुमाले नाई जी, जगाले म्हणून राहिली." आणि हसली. पुढे अंकुशला साकोलीतच कचेरीत नोकरी लागली, तो त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहायला आला, तोवर तो काठीने कुठेही जाणारा माणूस झाला होता, त्याला फार हात लागत नसे. भंडाऱ्याच्या गर्दीसाठी तेजराम आपणहून पुढे झाला होता. प्रतिक्षाची एक बाजू मोकळी राहावी म्हणून. पंधरा वर्षं त्याने तिच्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर हे एवढंच सांगता येण्यासारखं आहे. आणि आता तिला जाऊन सांगायचं, की दुसरी बाजू पुढे कर. हे वाक्य त्याने अनेकदा तोंडात घेऊन पाहिलं. वरून बोटं फिरवली. उपसलं नाही.

आणखी काही चाली झाल्या, दोघांचेही किल्लेकोट झाले, आणि मध्येच सभागृह हळू झालं. मोहऱ्यांचा खटखट आवाज थांबत गेला, चाली सांगणारे आवाज खाली आले, कुणीतरी घसा साफ केला. तेजरामला आधी कळलं नाही. मग कपांचा ट्रे दारातून आत येताना वाजला आणि कळलं. चहा. पट्टी बांधलेल्या डोळसाचा चहा ही इथली रीत होती. मागच्या सतरंजीवर बसून त्याने ती कितीदा पाहिली होती. कॉलेजातली मदतीला आलेली पोरं, एकदा एक बँकेतला साहेब, एकदा कुणाची तरी जाडजूड मावशी. जो कुणी डोळस खेळायला बसे त्याच्या उजव्या हाताला कप ठेवला जाई, "चहा ठेवला हो" असं मोठ्याने सांगितलं जाई, आणि सगळे थांबत. अंकुश घरी जेवताना ते प्रतिक्षाला सांगत असे. "ताई, डोळस माणसाले पट्टी बांधली का तो पहिले हसते. मग मान हालवते इकडंतिकडं. मग वरून झडप घालते कपावर, घारीवानी. झालाच चहा!" मग सभागृहात टाळ्या होत, भोजराज ओरडे, "आला, आला, आपल्यात आला!" दुसरा कप येई. खेळ पुढे सुरू होई. त्या टाळ्यांत दुष्टपणा नव्हता. जगात एवढ्या गोष्टी सांडल्याबद्दल आंधळ्यांनी ऐकून घेतलेलं असतं, त्यातला एक कप ते महिन्याला वसूल करत.

"चहा ठेवला हो," चहावाला म्हणाला. "उजव्या हाताले."

तेजरामने हात नेला. तो पटाचाच विचार करत होता, खरं तर देव्हाडीचा, आणि हात आपला आपण गेला. टेबलावर टेकलेला, बोटं आत वळवून, बोटांच्या पाठी पुढे, लाकडावरून हळू सरकत. वरून नाही. बोटांच्या पाठीला ऊब लागली तिथे हात थांबला, मग उघडला, कान धरला, कप उचलला. त्याने एक घोट घेतला. साखर जास्त होती. त्याने कप खाली ठेवताना आधी करंगळी टेकवली, टेबल आहे याची खात्री केली, आणि मग कप.

सभागृहात कुणी हललं नाही.

मग त्याला समजलं की त्याने काय केलं. हा हात त्याला कुणी शिकवला नव्हता. घरी रात्री लाइट गेल्यावर, ग्रंथालयाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत शिवणीवरून पुस्तक शोधताना, सकाळी चहा घेताना कप नेमका नजरेच्या बशीबाहेर असला म्हणजे, थोडा थोडा करून तो हात तयार झाला होता आणि आज पहिल्यांदा लोकांसमोर आला होता. सगळ्या जगात हा हात ओळखणारी माणसं कुठे असतील तर ती याच खोलीत होती. पलीकडे तिसऱ्या टेबलावर अंकुश खेळत होता. त्याचा प्रतिस्पर्धी म्हणाला, "हत्ती बेला एक." उत्तर आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "अंकुशभाऊ, हत्ती बेला एक." अंकुशला चाल कधी दोनदा सांगावी लागत नाही.

"सांडला का जी?" दुरून भोजराजचा आवाज, पण तो विचारल्यासारखा नव्हता, चाचपल्यासारखा होता.

तेवढ्यात समोर बांगड्या वाजल्या. चंद्रकांताबाईंचा हात दोन पटांच्या वरून आला, त्याच्या मनगटाला घासून गेला, आणि कप कलंडला. टेबलावर, त्याच्या पँटवर, खाली फरशीवर. कप लोळत लोळत थांबला. "अगा माय!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "सांडलाच की जी यायनं! माझ्या दुपट्ट्यावर नाई ना उडाला?"

टाळ्या झाल्या. आधी एक-दोन, मग सगळ्या. भोजराज ओरडला, "आला, आला!" आणि हसू सभागृहभर पसरलं, सुटका झाल्यासारखं. चहा पँटमधून मांडीला लागत होता, गरम, मग कोमट. पोतेरं आलं. त्या सगळ्या गडबडीत बाई पुढे वाकल्या आणि नेहमीच्या आवाजात, फक्त हळू, म्हणाल्या, "माझं पाचव्या वर्गात असंच झालं होतं. कडंकडंनं गेलं." त्याने ओली मांडी टेबलाखालून बाजूला घेतली. "घरी माहीत हाय?"

"नाई."

"कोण हाय घरी?"

"बायको. पोरगी."

"गाडी चालवता?"

हाच प्रश्न डॉक्टरने विचारला होता. तेव्हा उत्तर पटकन आलं होतं. आता तो पट्टीखाली डोळे उघडून बसला, जणू तिथे लिहिलेलं असेल.

"पोरीले बसवून?" बाई म्हणाल्या.

त्याच्या हातात काहीतरी होतं. हत्ती. टाळ्यांच्या वेळी कधीतरी त्याने तो भोकातून उपसला होता, चालायचा नसताना. डोक्यावरचं टोक अंगठ्याला रुतत होतं. खुंटी टेबलावर वाजली ती बाईंनी ऐकली असावी. त्या म्हणाल्या, "काय उपसलं?"

"हत्ती."

"मग चाला."

"हत्ती एकोडी आठ," तो म्हणाला. चाल वाईट नव्हती. पुढे तो हरला, पण त्या चालीमुळे नाही.

परतीच्या बसमध्ये अंकुश खिडकीला बसला. लाखनी येईपर्यंत तो स्वतःच्या डावाबद्दल बोलत होता, बेला एकवरच्या हत्तीने त्याला कसं बांधून टाकलं, आणि मास्तरांचा पाय खरंच मुरगळला की बायकोने सोडलं नाही. लाखनीला चंद्रकांताबाई उतरल्या. उतरताना त्यांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हटलं, "येतो जी. पुढच्या महिन्यात." बस सुरू झाली. उजेड पिवळा होत चालला होता, आणि तेजरामच्या बशीत समोरच्या सीटची कड, कुणाचा तरी शेला, एक कान, एवढंच होतं.

"बाईनं चहा काहून सांडवला भाऊजी?" अंकुश म्हणाला.

"मी सांडवला."

"बरं." मग काही वेळाने, "पावसाळ्यापासून तुमचा कोपर मागं राहून राहिला. पहिले तुमी पुढं राहायचे, मी अर्धा पाऊल मागं, तुमचा कोपर धरून. आता आपण बरोबरीनं चालतो. अंधार पडला का मीच पुढं असतो. मले वाटलं वय झालं तुमचं."

"झालंच हाय."

"हो, तसं पोटही सुटलं म्हणते ताई."

दोघं हसले. बस एका गाईसाठी थांबली, हॉर्न वाजवत राहिली.

"प्रतिक्षाले सांगू नको," तेजराम म्हणाला.

"मी काय सांगू? मी पाह्यलं का काही?" अंकुश म्हणाला. हा त्याचा नेहमीचा विनोद होता, तो लहानपणापासून मार चुकवायला वापरत आलेला. पण या वेळी तो त्यानंतर हसला नाही. "उद्या मोनाले शाळेत कोण सोडन, तेवढं सांगा फक्त."

साकोलीच्या बसस्टँडवर दिवे लागले होते. दिवे म्हणजे दिवेच, त्यांच्या आजूबाजूचं काही नाही. काळ्या कापडाला पाडलेली भोकं. मोटरसायकल सकाळी जिथे लावली होती तिथे होती, रसवंतीच्या मागे. ती कुठे आहे हे त्याला माहीत होतं, दिसत नव्हती. सीटवर हात ठेवला. धूळ. इथून घर फार लांब नाही, आणि दर महिन्याला याच वेळी, अंकुशला मागे बसवून, पुढे जाणाऱ्या एखाद्या ऑटोचा लाल दिवा धरून तो घरापर्यंत गाडी नेत असे. ऑटो वळला की थोडा वेळ काहीच नसे, मग दुसरा येई. त्याने किल्ली खिशातून काढली. किल्लीला मोनाने बांधलेला लोकरीचा गोंडा होता. त्याला कसलाही निश्चय झाल्यासारखं वाटत नव्हतं. भीती म्हणावी तर तीही नव्हती. थंडी होती, आणि पँटवर वाळलेला चहा मांडीला चिकटत होता.

"धर," तो म्हणाला.

अंकुशने हात पुढे केला, किल्ली चाचपली, गोंडा चाचपला. "हे काय? मले गाडी देऊन राहिले का? अर्धी साकोली मरन ना!"

"फोनवर चांगली चालवतो म्हणते मोना."

"फोनवर लोक मरत नाई." त्याने किल्ली परत दिली नाही. शर्टाच्या खिशात टाकली, वरून खिसा दाबला. "गाडी कुठं हाय, विचारन ताई. काय सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगतो."

"काय सांगान?"

रसवंतीवाल्याने फळ्या बसवल्या, कुलूप लावलं. तेजराम ते ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले दिसत नाही म्हणून." वाक्य लहान होतं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान, आणि म्हटल्यावर रस्त्यावर ऑटो होते तसेच जात राहिले.

"असंच सांगा," अंकुश म्हणाला. "लांबण नका लावू." आणि काठी उघडून तो चालू लागला, अर्धा पाऊल पुढे, कोपर किंचित मागे काढून. तेजरामने तो धरला.

मागच्या बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रतिक्षाने पांढऱ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणला होता आणि घरासमोरच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडांवर, अंधारातही उठून दिसेल असा, एकेक पट्टा ओढला होता. अंकुशला त्या पट्ट्यांचा उपयोग नव्हता. मोना पायऱ्या उडीतच उतरते.